ऑलस्पाइसला फुलं येतात, मग फळं का धरत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बियांपासून वाढवलेलं ऑलस्पाइसचं, म्हणजे सर्वसुगंधीचं, झाड आठेक वर्षांचं झालं. झाड निरोगी आहे, गेली काही वर्षं भरपूर फुलतं, पण फळ एकही धरत नाही. खत घालून झालं, छाटणी झाली, पाणी तोडून पाहिलं. आता ते ठेवावं की काढावं? शिवाय कुंडीतल्या दुसऱ्या रोपाची कोवळी पानं पिवळी पडतायत, ती कशानं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर खताच्या पोत्यात सापडणार नाही. तुमचं झाड बहुधा नर आहे, नाहीतर मादी आहे आणि एकटं आहे. दोन्ही बाबतींत वरून काहीही घाला, फरक पडणार नाही. म्हणून आधी झाड ओळखू, खतापाण्याचं मग बघू.

ऑलस्पाइसमध्ये नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. गोंधळ होतो तो फुलामुळे, कारण दोन्ही झाडांच्या फुलांत पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. बघणाऱ्याला फूल द्विलिंगीच वाटतं आणि तो निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात मादी झाडाच्या पुंकेसरांतले परागकण निकामी असतात आणि नर झाडाच्या फुलात बीजांड नीट तयार होत नाही. जमैकातल्या बागायतदारांना फुलूनही न फळणारी झाडं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. त्यामागचं कारण १९६०च्या दशकात तिथे झालेल्या अभ्यासातून नीट पुढे आलं. पान, साल, वाढीची ठेवण, कशावरूनही लिंग कळत नाही. रोपावरून सांगतो म्हणणारा अंदाज बांधत असतो, एवढं धरून चाला.

फूल आलं की मात्र घरच्या घरी खात्री करता येते. पूर्ण उमललेली चार-पाच फुलं वेगवेगळ्या घोसांतून घ्या. फूल जेमतेम बोटाच्या नखाएवढं असतं, त्यामुळे साधं भिंग हवं. आधी पाकळ्या मोजा. खऱ्या ऑलस्पाइसला चार पाकळ्या आणि खाली निदलाची चार दलं असतात. पाच असतील तर तुमचं झाड बे-रमचं आहे. ते याच कुळातलं सख्खं भावंड, पानाला वास तसाच लवंगेच्या अंगाने जाणारा, आणि रोपवाटिकांमध्ये ऑलस्पाइस म्हणून सर्रास विकलं जातं. त्याच्या फळाचा मसाला होत नाही. तसं निघालं तर पुढचं सगळं वाचायची गरजच उरत नाही.

चार पाकळ्या निघाल्या, तर छोट्या कात्रीने पुंकेसर पांढऱ्या कागदावर कापून पाडा आणि मोजा. नर फुलात ते शंभराच्या आसपास असतात, मादी फुलात साधारण पन्नास. आकडा तंतोतंत यायची अपेक्षा नाही, पण फरक इतका ठळक असतो की दोन्ही फुलं शेजारी ठेवली तर मोजावंही लागत नाही: नराचं फूल दाढीच्या ब्रशसारखं गच्च दिसतं, मादीचं विरळ. तुमच्याकडे तुलनेला दुसरं झाड नाही, म्हणून तुम्हाला मोजावंच लागेल.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट करा. दोन-तीन घोसांना दोरा बांधून ठेवा आणि फुलं गळेपर्यंत नजर ठेवा. नर झाडावर पाकळ्या-केसर झडतात आणि पाठोपाठ देठासकट अख्खा घोस वाळून पडतो. मादी झाडावर परागीभवन झालं असेल तर केसर झडल्यावर खालचा हिरवा भाग तसाच टिकतो आणि हळूहळू मण्यासारखा फुगू लागतो. थोडे दिवस टिकून मग गळत असेल तर झाड मादी असून पराग मिळत नाहीत, अशी शंका घ्यायला जागा आहे. क्वचित नर झाडावरही चार-दोन फळं दिसतात. तेवढ्यावरून त्याला मादी ठरवू नका.

वयाचंही पाहू. बियांच्या झाडाला पहिला फुलोरा साधारण पाच ते सात वर्षांनी येतो आणि भर उत्पन्न यायला पंधरा-वीस वर्षं जातात. म्हणजे आठव्या वर्षी फळांचा ढीग नसणं स्वाभाविक आहे. पण सलग काही वर्षं भरघोस फुलूनही एक दाणा धरत नाही, याला वय हे कारण पुरत नाही.

आता ठेवायचं की काढायचं? मादी निघालं तर प्रश्नच नाही, ठेवा, आणि त्याला नर मिळवून द्या. परागीभवन मुख्यतः मधमाश्या आणि इतर कीटक करतात, त्यामुळे नर झाड मधमाश्यांच्या सहज येण्याजाण्यात हवं. बागेत साधारण दहा माद्यांमागे एक नर पुरतो, म्हणजे तुम्हाला अख्ख्या नर झाडाची जागा अडवण्याचीही गरज नाही. मादी झाडाच्याच एका फांदीवर नराची काडी बांधून घेता आली तर काम भागतं. फक्त ती फांदी पुढच्या छाटणीत कोणी उडवणार नाही अशी खूण करून ठेवा. कलम जमेपर्यंत एखाद्या हंगामात नर झाडाचे ताजे फुलोरे आणून, मऊ ब्रशने पराग तुमच्या फुलांवर लावून पाहा. सगळ्या झाडाला हे करत बसू नका. चार घोस पुरेत. त्यांवर फळ धरलं तर निदान पक्कं झालं.

नर निघालं तरीही माझं मत ठेवण्याकडेच आहे. आठ वर्षांचं मूळ जमिनीत बसलेलं झाड नव्या मादी कलमाच्या शेजारी असणं ही सोय आहे. नवीन माणसाला नराची वेगळी तजवीज करावी लागते, तुमच्याकडे तो तयार आहे. पानांच्या बाबतीत तर नर-मादी असा भेदच नाही. पानातल्या तेलात युजेनॉल भरपूर असतं, तेच लवंगेत असतं, आणि पदार्थात एखाद-दुसरं जून पान टाकलं तरी वास भरतो. ताजं पान वापरा. वाळवून डब्यात ठेवलेल्या पानात तो जोर राहत नाही. काढायचं कारण मला एकच दिसतं, ते म्हणजे जागा अगदीच कमी असणं.

नवीन झाड घेताना मात्र बियांचं रोप घेऊ नका. बियांच्या रोपांत निम्मे नर, निम्म्या माद्या निघतात. एकच रोप लावलं तर फळ जवळजवळ नाहीच. दोन लावली तर दोन्ही लिंगं मिळण्याची शक्यता निम्मी, तीन लावली तर चारात तीन, चार लावली तर आठात सात. चार मोठ्या वृक्षांची जागा आणि सात-आठ वर्षं थांबायची तयारी असेल तर हा जुगार खेळायला हरकत नाही. नाहीतर सरळ कलम घ्या, आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: कलमकाडी ज्या झाडाची घेतली त्या झाडावर फळं पाहिलीत का? उत्तर गुळमुळीत आलं की पुढे चला. कलम लिंग बदलत नाही आणि बियांच्या झाडापेक्षा लवकर, तीन-चार वर्षांत, फुलायला लागतं.

कलम स्वतः बांधायचं असेल तर भेटकलमापासून सुरुवात करा. कुंडीतलं खुंटरोप, म्हणजे ज्याच्यावर कलम बसवायचं ते रोप, मादी झाडाच्या फांदीजवळ नेऊन दोघांची साल थोडी तासून एकत्र बांधायची. काडी आईपासून तुटत नसल्याने ती सुकण्याचा धोका नाही. डोळा भरणं आणि शेंडाकलमही होतं, पण हात बसलेला हवा. गुटी, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथे मुळं फुटवणं, हेही जमतं, मुळं सुटायला मात्र फार वेळ लागतो. फांदी कापून मातीत खोचायचा मोह आवरा. मुळं फुटवणारं संजीवक आणि सतत बारीक तुषार सोडणारं तुषारगृह असल्याशिवाय ती बहुतेक वाळते.

बियांबद्दल लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात: मसाल्याच्या डब्यातले दाणे पेरले तर? नाही उगवत. ते दाणे कच्चे, हिरवे असताना तोडलेले, दाबून ठेवलेले आणि उन्हात वाळवलेले असतात. बी लागतं ते झाडावर जांभळं-काळं होईपर्यंत पिकलेल्या फळातलं, आणि तेही ताजं. फळं रात्रभर भिजत घालायची, चोळून गर काढायचा, धुऊन सावलीत वरवर कोरडी करायची आणि लगेच पेरायची. ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांत जाते. ताजं बी दोन ते सहा आठवड्यांत उगवतं. जमैकात पूर्वी समजूत होती की पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय हे बी रुजतच नाही. समजूत चुकीची असली तरी निरीक्षण पक्कं होतं: पक्षी गर काढून टाकतो आणि बी ताजं असतानाच दूर नेऊन पाडतो. हवाई बेटांवर याच पक्ष्यांच्या कृपेनं ऑलस्पाइस बागेतून रानात पसरलंय, तेव्हा नैसर्गिक जंगलाला लागून लावणार असाल तर फळं झाडावर पिकू देऊ नका.

आता जमीन. हे झाड मूळचं जमैका, क्युबा, दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. जमैकात ते चुनखडीच्या उथळ, दगडगोट्यांच्या उतारांवर वाढतं. यावरून त्याला काय हवं ते बरंचसं कळतं: माती फार सकस नसली तरी चालेल, निचरा मात्र उत्तम हवा. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत झाड दोन-तीन वर्षं बरं दिसतं आणि मग शेंड्याकडून वाळायला लागतं. अशी जमीन असेल तर खोल खड्डा खणून त्यात खत भरण्याऐवजी हात-दीड हात उंच वरंबा करून त्यावर लावा. भारी मातीत खणलेला खड्डा म्हणजे पावसात भरून राहणारी टाकी होते. दोन झाडांत सहा मीटर अंतर ठेवा. ऐन वाढीत झाड सात ते दहा मीटर उंच होतं, कधी त्याहूनही. थंडीबाबत एकच सांगतो, दहिवर गोठतं अशा ठिकाणी लहान रोप उघड्यावर वाचत नाही. तिथे कुंडी आणि हिवाळ्यात आत उजेडाची जागा, हाच मार्ग.

पहिली दोन वर्षं रोपाला थोडी सावली आणि नियमित ओलावा हवा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करा. नंतर सावली काढा, भरपूर ऊन लागू द्या. मोठ्या झाडाला वर्षात काही आठवडे कोरडे गेले तर बरंच. फुलोऱ्यासाठी त्या ताणाची मदत होते. तुम्ही पाणी तोडून पाहिलं ते तत्त्वतः बरोबर होतं, फक्त ज्या झाडाला फळ धरायचंच नाही त्याच्यावर केलं. फुलोरा दिसला की मात्र पाणी पुन्हा सुरू करा.

खताबाबत माझा हात आखडता असतो. पावसाच्या सुरुवातीला कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, आणि वाढ मंद वाटली तरच संतुलित मिश्रखताचा हलका हप्ता. नत्र जास्त झालं की लुसलुशीत पालवी सुटते. ती दिसायला छान असते आणि रोगाला आमंत्रण देते.

रोग म्हणजे मुख्यतः तांबेरा. कोवळ्या पानांवर, शेंड्यांवर, फुलांवर आणि कोवळ्या फळांवर हळदीसारखी पिवळीधमक पूड उठते, खालचा भाग तपकिरी होतो, पान वेडंवाकडं होऊन गळतं. ही बुरशी जांभूळ-पेरूच्या कुळातल्या अनेक झाडांवर जाते. १९३०च्या दशकात तिनं जमैकातल्या ऑलस्पाइसचं मोठं नुकसान केलं. २००५ मध्ये ती हवाईत आणि २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात पोचली. ती जून पानाला फारशी लागत नाही, तिला कोवळा भाग आणि रात्रभर टिकणारा ओलेपणा हवा असतो. म्हणूनच गारठा आणि दमट हवा असताना छाटणी करून किंवा नत्र देऊन नवी पालवी काढू नये. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नये. पिवळी पूड दिसली तर तो शेंडा पिशवीत धरूनच कापा, नाहीतर कापताना तुम्हीच बीजाणू उडवाल. आणि परदेशातून काडी, रोप, ओलं पान खिशातून आणू नका. हा रोग देशोदेशी गेलाय तो मुख्यतः माणसाच्या हाताने.

बाकी किडी नेहमीच्याच: खवले कीड, पिठ्या ढेकूण, त्यांच्या चिकट्यावर वाढणारी काजळी, कधी फुलकिडे. पानं काळी दिसली म्हणून बुरशीनाशक मारण्याआधी पान उलटून किडी बघा. किडी गेल्या की काजळी आपोआप सुटते. मुंग्यांची खोडावरची वाट बंद केली तर निम्मं काम होतं. खोडावर भोक आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे, तारेने आत टोचून मारा आणि भोक बुजवा.

छाटणी मी जवळजवळ करत नाही. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जमिनीलगतच्या फांद्या काढाव्या, बस. खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटताना दिसली तर घाबरू नका, ती या झाडाची रीतच आहे. पेरूच्या खोडाला होतं तेच.

आता तुमचं कुंडीतलं रोप. वर्णनावरून शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसतंय. जुनी, खालची पानं पिवळी पडत असती तर नत्राची कमतरता म्हटलं असतं. नवी पानं आणि हिरव्या शिरा म्हणजे लोह पानापर्यंत पोचत नाही. लोक इथे लगेच लोहाचं औषध फवारतात आणि पंधरवड्यापुरता फरकही दिसतो. पण आधी रोप कुंडीतून अलगद बाहेर काढून मुळं बघा. मुळं तपकिरी, मऊ, ओढली तर वरची साल हातात येते आणि कुबट वास येतो, असं असेल तर दुखणं जास्त पाण्याचं आहे. कुजलेल्या मुळाला लोह मातीत असूनही घेता येत नाही. कुजकी मुळं कापा आणि भरड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळलेल्या नव्या मिश्रणात लावा. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नका.

मुळं पांढरी, टणक असतील तर संशय पाण्यावर. कडक, क्षारयुक्त पाणी सतत दिल्याने कुंडीतल्या मातीचा सामू (पीएच) चढतो आणि लोह अडकून राहतं. चुनखडीवर वाढणारं झाड कुंडीत असं का वागतं, हा प्रश्न रास्त आहे. जमिनीत मूळ दूरवर जाऊन आपल्याला हवं ते शोधतं, कुंडीत त्याला तेवढ्याच चार घमेली मातीत भागवावं लागतं. पावसाचं पाणी साठवून वापरा, कुंडीतून एकदा भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुऊन काढा आणि चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून न राहणाऱ्या रूपातलं लोह, मातीतून द्या. मुळं कुंडीभर गोल फिरली असतील तर एक माप मोठी कुंडी घ्या; एकदम फार मोठी नको, तिच्यातली जास्तीची माती ओली राहते. पिवळी झालेली पानं सगळी हिरवी होतील असं नाही. पुढची पालवी कशी येते त्यावरून ठरवा.

तुमच्याकडे उद्या फळं धरली तर तोडणीची वेळ सांभाळा. फुलापासून तीन-चार महिन्यांनी फळ पूर्ण भरतं पण हिरवंच असतं. तेव्हाच तोडायचं. जांभळं झालं की गर गोड आणि चिकट होतो, सुगंध उतरतो, वाळवताना दाणे एकमेकांना चिकटतात. घोसातले एक-दोन दाणे रंग बदलायला लागले की बाकीचा घोस तयार समजा. घोस देठासकट खुडा, फांद्या मोडून ओरबाडू नका. तशा मोडलेल्या फांद्यांच्या जखमांतून बुरशी शिरते आणि पुढचा बहारही हलका येतो. दाणे दोन-तीन दिवस ढीग करून झाकून ठेवा, मग स्वच्छ फरशीवर पातळ पसरून पाच ते दहा दिवस कडक उन्हात वाळवा. रोज दोन-तीनदा हलवा, रात्री झाका, कारण दव लागलं की बुरशी येते. दाणा लालसर तपकिरी झाला आणि कानाशी धरून हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळल्या की झाला तयार. देठ चाळून काढा, घट्ट झाकणाच्या बरणीत अख्खेच ठेवा आणि लागेल तेव्हा तेवढेच कुटा.